समुद्रपर्यटनास निघताना : विमा कोणता घ्यावा?

सिंधुबंदीचा विषय आपल्या पणजोबांच्या काळी मोठ्या वादाचा होता. समुद्र ओलांडून परतलेल्या माणसास प्रायश्चित्त द्यावे की देऊ नये, या प्रश्नावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरत असत. आज त्याच घरांतील आजी-आजोबा नातवंडांना बरोबर घेऊन हौसेने समुद्रपर्यटनास निघतात, आणि प्रायश्चित्ताच्या जागी आता प्रश्न उभा राहतो तो विम्याचा!

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, पांडेसऱ्याला लागून असलेल्या बमरोलीसारख्या वस्तीत हा प्रश्न आता नवलाचा राहिलेला नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून यंत्रमागांच्या आणि कापडाच्या धंद्यानिमित्त आलेली व येथेच रुजलेली शेकडो मराठी कुटुंबे या परिसरात आहेत. दिवाळीत कापडबाजार बंद झाला, मागांचा खडखडाट थांबला, की उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी पकडून गावाकडे जावयाचे, एवढाच प्रवास एके काळी त्यांना ठाऊक होता. गावाची ओढ आजही आहेच. परंतु मुले शिकून मिळवती झाली आणि आईवडिलांनी आयुष्यात एकदा तरी मोठ्या जहाजात बसावे, असे त्यांना वाटू लागले. मग मुंबई-गोवा जहाजाची चौकशी होते, सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझची रंगीत पत्रके घरात येतात, आणि सारे ठरल्यावर अगदी शेवटच्या घटकेला एजंट विचारतो, ‘‘काका, साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स करू, की क्रूझवाला?’’

या प्रश्नाचे उत्तर बहुधा हप्त्याकडे पाहून दिले जाते. स्वस्त तो साधा आणि महाग तो क्रूझचा, एवढीच समजूत असते. वास्तविक आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या या सहलीचे, आणि काही वेळा घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या जिवाचेही, हित त्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहणे अगत्याचे आहे.

जोखीम कोणाच्या शिरावर?

आपण राहतो ते शहर या विषयात अगदीच अनभिज्ञ नाही, उलट पुरातन आहे. मोगल अमदानीत सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. तापीच्या मुखाजवळ सुवाळीला परदेशी जहाजे नांगर टाकीत आणि मक्केचे यात्रेकरू येथूनच निघत. गुजरातच्या सराफांमध्ये त्या काळी ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार रूढ होता. व्यापारी माल जहाजावर चढवी आणि पलीकडच्या बंदरातील आडत्यावर हुंडी लिही. ती हुंडी सराफ कसर कापून विकत घेई. माल सुखरूप पोहोचला तर हुंडी वटे. जहाज बुडाले तर हुंडीचे पैसेही बुडत आणि नुकसान सराफाचे होई. म्हणजे सराफ हा सावकारही होता आणि विमेवालाही. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे आला तो फारसीतून, आणि त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय हा अर्थ आहे.

या हुंडीत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, कोणती जोखीम सराफाने पत्करली आहे आणि कोणती व्यापाऱ्याकडेच राहिली आहे, हे आरंभीच ठरलेले असे. हुंडी मालाची होती. मालाबरोबर जाणाऱ्या माणसाची नव्हती. इ. स. १६९५ मध्ये मक्केहून सुरतेस परतणारे बादशाही जहाज ‘गंज-ए-सवाई’ हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले आणि यात्रेकरूंचे अनन्वित हाल केले. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना त्याबद्दल अटकेत पडावे लागले आणि यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याची हमी कंपनीला द्यावी लागली. मालासाठी सराफ होता. माणसासाठी मात्र बादशहाच्या क्रोधावाचून दुसरा आधार नव्हता.

आजच्या प्रवाशाला सुदैवाने बादशहाच्या क्रोधावर विसंबावे लागत नाही. परंतु कोणती जोखीम कोणाच्या शिरावर आहे, हा जुना प्रश्न मात्र जसाच्या तसा कायम आहे. साधा प्रवासविमा आणि क्रूझविमा यांतील निवड म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर होय.

दोन विम्यांचे स्वरूप

परदेशप्रवासाचा साधा विमा प्रामुख्याने विमानाने जाणाऱ्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असतो. परदेशात अचानक आजारपण वा अपघात झाल्यास रुग्णालयाचा खर्च, रोग्यास दुसरीकडे हलविण्याचा खर्च, दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च, सामान हरवणे वा उशिरा मिळणे, पारपत्र गहाळ होणे, सहल रद्द करावी लागणे अथवा अर्धवट सोडावी लागणे, या बाबी त्यात येतात. कोणत्या बाबीला किती रक्कम, हे विमापत्राच्या तक्त्यात लिहिलेले असते.

क्रूझविमा म्हणजे याहून सर्वस्वी निराळे काही असते, अशी समजूत करून घेऊ नये. भारतात तो बहुधा साध्या विम्याला जोडलेले एक जादा कलम म्हणूनच मिळतो, आणि तेही सर्वच कंपन्या देत नाहीत. या जोडकलमात सामान्यतः चार-पाच गोष्टी असतात. वाटेत विलंब होऊन जहाज सुटले तर पुढील बंदरापर्यंत जाण्याचा खर्च. वैद्याच्या आज्ञेने खोलीत अडकून पडावे लागल्यास दररोज ठराविक रक्कम. ठरलेले बंदर जहाजाने गाळल्यास काही भरपाई. किनाऱ्यावरील आगाऊ पैसे भरलेल्या सहली वाया गेल्यास त्यांचा परतावा. आणि समुद्रातून रोग्याला किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च.

तिसराही एक प्रकार आहे, आणि घोटाळा बहुधा तेथेच होतो. काही जहाज कंपन्या तिकिटाबरोबर स्वतःची ‘संरक्षण योजना’ विकतात. ती पुष्कळदा केवळ जहाजाच्या भाड्यापुरती असते. आपण स्वतंत्रपणे काढलेले विमानाचे तिकीट, बंदराच्या शहरातील हॉटेल, व्हिसाचा खर्च, यांच्याशी तिचा संबंध नसतो. नावात ‘क्रूझ’ आहे म्हणून तिला संपूर्ण विमा समजणे धोक्याचे आहे.

शब्दांत दडलेले अंतर

विमापत्र वाचताना रकमेपेक्षा शब्दांच्या व्याख्येकडे अधिक लक्ष द्यावे. जहाजाच्या प्रवासात पुढील चार ठिकाणी साधा विमा अनेकदा अपुरा पडतो.

पहिले ठिकाण ‘जोडवाहन चुकणे’ हे. साध्या विम्यात हे कलम असते खरे, परंतु त्याचा मजकूर पुष्कळदा ‘जोडविमान चुकणे’ असा असतो. पहिल्या विमानाला विलंब झाल्यामुळे दुसरे विमान चुकले तर भरपाई; जहाज चुकले तर नाही, कारण जहाज हे विमान नव्हे! शिवाय विमान चुकले तर काही तासांनी दुसरे मिळते. जहाज एकदा बंदरातून निघाले की त्याला गाठावयाचे म्हणजे पुढच्या देशातील बंदर गाठावयाचे. आपल्या सुरतेच्या प्रवाशाला तर आणखी एक पायरी असते. मुंबईहून विमान पकडावयाचे असेल तर सुमारे २६३ किलोमीटरचा रेल्वेप्रवास आधी येतो, आणि पावसाळ्यात वसई-विरारकडे रुळांवर पाणी साचले की गाड्या कशा खोळंबतात, हे आपणांस सांगावयास नको. रेल्वेच्या विलंबामुळे चुकलेले विमान आणि त्या विमानामुळे चुकलेले जहाज, ही साखळी विमापत्रात कोठपर्यंत मान्य केली आहे, हे नेमके पाहावयाचे.

दुसरे ठिकाण ‘रुग्णालय’ या शब्दाचे. भारतातील आरोग्यविम्यात या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. संस्था कायद्याने नोंदलेली असावी, किंवा तेथे दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी किमान १० आणि अन्यत्र किमान १५ खाटा असाव्यात, चोवीस तास वैद्य व परिचारिका असाव्यात, सुसज्ज शस्त्रक्रियागृह असावे. जहाजावरील दवाखाना कितीही नीटनेटका असला तरी या व्याख्येत बसणे कठीण. आपल्या घरातील नेहमीचा मेडिक्लेम, किंवा २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वच वृद्धांना खुली झालेली पाच लाखांची आयुष्मान योजना, ही भारतातील रुग्णालयांत उत्तम उपयोगी पडतात. भर समुद्रातील दवाखान्यात त्यांचे कार्ड दाखवून काम होत नाही. तेथील बिल खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी ते चुकते करावे लागते. म्हणून ‘जहाजावरील वैद्यकीय उपचारांचा खर्च’ असे स्पष्ट शब्द विमापत्रात आहेत की नाहीत, हे विचारून घ्यावे.

तिसरे ठिकाण भूगोलाचे. सिंगापूरहून निघणारे जहाज मलेशियाच्या पेनांगला आणि थायलंडच्या फुकेतला जाते. विमापत्रावर केवळ ‘सिंगापूर’ लिहिले असेल आणि आजोबा पेनांगच्या रस्त्यावर पाय घसरून पडले, तर वादास कारण होते. युरोपात हेच शेंगेन व्हिसाच्या बाबतीत घडते. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून लोक नेमका तेवढाच, शेंगेन देशांपुरता विमा घेतात. परंतु स्पेनहून वा इटलीहून निघालेले जहाज तुर्कस्तानच्या बंदरातही थांबते, आणि तो देश शेंगेनमध्ये नाही. जहाज ज्या ज्या देशाला स्पर्श करणार, त्या सर्व देशांची नावे विम्याच्या क्षेत्रात यावयास हवीत. व्हिसाच्या बाबतीतही असेच : सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापुरातच उतरावयाचे, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. तो नसल्याने अडवणूक झाली तर कोणताही विमा तिचे पैसे देत नाही.

चौथे ठिकाण सामानाचे. साध्या विम्यात विमानकंपनीच्या ताब्यात दिलेले सामान प्रामुख्याने संरक्षित असते. जहाजावर सामान आठवडाभर आपल्याच खोलीत असते. तेथून दागिना गेला तर तो ‘ताब्यात दिलेल्या सामानात’ मोडत नाही. त्यावर खरा उपाय विम्याचा नव्हेच. मंगळसूत्रापलीकडे सोने घरीच ठेवावे, हे उत्तम.

घडलेल्या गोष्टींचा बोध

ही सारी भीती केवळ कल्पनेतील नाही. गेल्या काही वर्षांतील चार घटनांवरून चार निरनिराळ्या जोखमी स्पष्ट होतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज करोनाच्या साथीमुळे अडकून पडले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जहाजावरील माणसांत १३८ भारतीय होते, बहुतेक कर्मचारी. निरोगी प्रवाशांनाही दोन आठवडे खोलीबाहेर मुक्तपणे पडता आले नाही. ‘खोलीत अडकून पडण्याची भरपाई’ हे कलम कागदावर क्षुल्लक वाटते. त्याचा अर्थ काय, ते या जहाजाने जगाला दाखविले.

असाच लहान प्रसंग आपल्या किनाऱ्यावरही घडला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती आणि त्यांपैकी ६६ जण करोनाबाधित निघाले. जहाजाला मुरगावहून मुंबईस परतावे लागले. गोव्याची सुटी तेथेच संपली. ठरलेला मार्ग बदलण्याचा वा बंदर गाळण्याचा अधिकार जहाज कंपन्या तिकिटाच्या अटींत स्वतःकडे राखून ठेवतात, आणि प्रवाशाला फार तर त्या बंदराचे शुल्क परत मिळते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक पर्यटनजहाजांनी तो मार्गच सोडला. मार्गबदलाची भरपाई हवी असेल तर ती जोडकलमातच शोधावी लागते.

तिसरी घटना ‘जलेश’ कंपनीची. एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे भव्य जहाज मुंबईहून फिरू लागले तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. पुढच्याच वर्षी साथीच्या तडाख्यात कंपनीचा कारभार आटोपला आणि ते जहाज भावनगरजवळच्या अलंगला भंगारात गेले. कंपनीच बुडाली तर आगाऊ भरलेल्या पैशाचे काय? हा धोका पुष्कळ विमापत्रांत स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणून ‘आयोजकाची दिवाळखोरी’ हे शब्द कोणत्या रकान्यात आहेत, भरपाईच्या की वगळलेल्या बाबींच्या, हे पाहावे. आणि एक वर्ष आधी पूर्ण पैसे भरून सवलत मिळविण्याचा मोह आवरावा.

चौथी घटना सर्वांत दारुण. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले. चार हजार दोनशेंहून अधिक माणसांपैकी ३२ जण दगावले. त्यांत मुंबईचा एक तरुण कर्मचारीही होता. त्याचे अवशेष हाती लागले ते जवळजवळ तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये. दुखापत न झालेल्या प्रवाशांना कंपनीने भाड्याच्या परताव्याखेरीज ११,००० युरो देऊ केले होते. आपल्या मराठी माणसाला १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची आठवण अजून आहे. सहाशेंहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. असे अपघात क्वचित होतात, आणि त्यांत जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने ठरते. समुद्रमार्गे प्रवाशांच्या वाहतुकीसंबंधीचा १९७४ चा अथेन्स करार मानणाऱ्या देशांत ती कशी ठरवावयाची, याचे नियम आहेत. मात्र दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची आहे. विमा असला की या हक्काची हेळसांड करावी असे नाही, आणि हा हक्क आहे म्हणून विमा नको असेही नाही.

थोडी आकडेमोड

आता एक काल्पनिक हिशोब करून पाहू. समजा, एका दांपत्याने सहलीसाठी ४ लाख रुपये बाजूला काढले. त्यांपैकी विमानभाडे १ लाख २० हजार, जहाजाची खोली १ लाख ८० हजार, आणि हॉटेल, व्हिसा व किनाऱ्यावरील सहली मिळून १ लाख.

पहिला प्रसंग : निघण्याच्या चार दिवस आधी काकूंचा पाय मोडला. जहाज कंपन्यांचे रद्दशुल्क निघण्याचा दिवस जवळ येईल तसे वाढत जाते आणि अखेरच्या दिवसांत ते बहुधा पूर्ण भाड्याइतके होते. केवळ जहाज कंपनीची योजना असेल तर फार तर १ लाख ८० हजार परत येतील. उरलेल्या २ लाख २० हजारांवर पाणी सोडावे लागेल. सर्वसमावेशक प्रवासविम्यात ‘सहल रद्द होणे’ हे कलम ४ लाखांचे असेल तर नुकसान बहुतांशी भरून निघेल. ते कलम ५० हजारांचेच असेल तर विमा घेऊनही साडेतीन लाखांची झळ बसेल.

दुसरा प्रसंग : विमानाला विलंब झाला आणि जहाज चुकले. जोडकलम नसलेल्या साध्या विम्यात विमानविलंबाची किरकोळ रक्कम मिळेल. १ लाख ८० हजारांची खोली मात्र रिकामीच समुद्रावर जाईल.

तिसरा प्रसंग : भर समुद्रात काकांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेऊन परदेशी रुग्णालयात ठेवावे लागले. हा खर्च सहलीच्या खर्चाच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि घर विकावयाची पाळी येते ती येथे. म्हणून प्राधान्याचा क्रम असा लावावा : प्रथम वैद्यकीय खर्च आणि रोग्याची हलवाहलव, नंतर सहल रद्द होणे, त्यानंतर जहाज चुकणे, आणि शेवटी खोली, बंदरे, सामान. चकचकीत पत्रकातील यादी बहुधा याच्या उलट क्रमाने असते!

कोणी काय घ्यावे?

सर्वांना एकच उपाय सांगणे योग्य होणार नाही. प्रवासाचे तीन प्रकार करून पाहू.

पहिला प्रकार जवळच्या जलवाहतुकीचा. हजिरा ते घोघा ही रो-पॅक्स सेवा ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली तेव्हा रस्त्याचे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले आणि दहाबारा तासांचा प्रवास सुमारे चार तासांचा झाला. अशा काही तासांच्या प्रवासासाठी क्रूझविम्याची आवश्यकता नाही. घरातील आरोग्यविमा व अपघातविमा चालू स्थितीत असणे एवढे पुरे. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना एका रुपयाहून कमी पैशांत मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी १० लाखांपर्यंतचा विमा मिळतो, त्यावर खूण करावयास आपण कित्येकदा विसरतो. उधन्याहून नंदुरबारला जातानाही ती खूण करावी आणि वारसाचे नाव अवश्य भरावे.

दुसरा प्रकार मुंबईहून गोवा वा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या देशांतर्गत पर्यटनजहाजाचा. येथे परदेशप्रवासाचा विमा लागू पडत नाही. देशांतर्गत प्रवासविमा घ्यावा आणि त्यात सहल रद्द होणे, जहाजावरील उपचार व रोग्यास हलविणे या तीन गोष्टी आहेत की नाहीत ते विचारावे. गोव्याचा किनारा जवळ असतो. लक्षद्वीप मात्र अरबी समुद्रात दूरवर आहे आणि तेथून रोग्याला कोचीस आणणे खर्चाचे काम आहे, हे लक्षात घ्यावे. तरुण, निरोगी माणसे चार दिवस गोव्यास जात असतील तर महाग जोडकलमावाचून अडत नाही.

तिसरा प्रकार विमानाने परदेशी जाऊन तेथून जहाज पकडण्याचा. येथे आमचे मत स्पष्ट आहे : चांगला, मोठ्या वैद्यकीय रकमेचा प्रवासविमा हा पाया, आणि क्रूझचे जोडकलम ही त्यावरची भिंत. पायावाचून भिंत उभी करू नये. जोडकलम मिळत नसेल तर निदान जहाजावरील उपचार वगळलेले नाहीत एवढे कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि जहाज निघण्याच्या एक दिवस आधीच बंदराच्या शहरात पोहोचावे. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च हा जहाज चुकण्यावरील सर्वांत खात्रीचा विमा होय.

वडीलधाऱ्यांसाठी विशेष

आपल्या घरांतून समुद्रपर्यटनास निघणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात, आणि मधुमेह, रक्तदाब यांनी बहुतेक घरांत बिऱ्हाड थाटलेले असते. अर्ज भरताना एजंट म्हणतो, ‘‘बीपीचं लिहू नका, उगाच हप्ता वाढेल.’’ मुलेही आईवडिलांना न विचारता ‘नाही’वर खूण करून मोकळी होतात. यासारखी घातक काटकसर दुसरी नाही. जुना आजार लपविला आणि त्याच आजाराने परदेशी रुग्णालय गाठावे लागले, तर विमाकंपनीस दावा नाकारण्याचे आयते कारण मिळते. आजार खरा सांगितला तर हप्ता वाढेल, काही मर्यादा पडतील. परंतु जिवावरच्या आणीबाणीत जुन्या आजाराचाही खर्च ठराविक रकमेपर्यंत देणारी विमापत्रे मिळतात. साठीनंतर खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता यांवर स्वतंत्र मर्यादा घातलेल्या असतात, त्याही पाहाव्यात. पन्नास हजार डॉलरचा विमा असून शस्त्रक्रियेची मर्यादा त्याच्या लहानशा अंशाएवढी असेल, तर तो मोठा आकडा केवळ शोभेचा ठरतो.

यासाठी अर्ज वडिलांच्या समोर बसून भरावा. त्यांना नियमित कोणती औषधे चालू आहेत, गेल्या काही वर्षांत रुग्णालयात कधी राहावे लागले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावे. वृद्ध माणसे मुलांना काळजी नको म्हणून दुखणे सांगत नाहीत. ते या निमित्ताने तरी बाहेर येते. डॉक्टर प्रवासास ‘नको’ म्हणाले तर जहाज पुढच्या वर्षीही असते.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

परदेशप्रवासाचा विमा भारत सोडण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. सहलीचे पैसे भरले त्याच आठवड्यात तो घेतल्यास अधिक हितकारक, कारण सहल रद्द होण्याचे कारण विमा घेतल्यानंतर उद्भवलेले असावे लागते. विमापत्राची प्रत आणि मदतकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. समुद्रावर मोबाईलला जाळे मिळेलच असे नाही. जहाजावर उपचार घ्यावे लागले तर तपशीलवार बिल, वैद्याची चिठ्ठी आणि पैसे भरल्याची पावती, ही तिन्ही उतरण्यापूर्वी हातात घ्यावीत. जहाज चुकले तर विमानकंपनीकडून विलंबाचे लेखी प्रमाणपत्र मागावे. वजावटीची रक्कम, म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिल्याने आपण सोसावयाचा भाग, किती आहे ते आधीच ठाऊक असावे. नाहीतर परत आल्यावर मनस्ताप होतो.

दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेला तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रारविभागास लेखी कळवावे. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आले ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादेस आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. मराठीत लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी अर्ज अवघड वाटतो. अशा वेळी शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी तो लिहून द्यावा.

तेव्हा एजंटने ‘‘साधा की क्रूझवाला?’’ असे विचारले, तर त्याला उलट चार प्रश्न विचारावेत. जहाजावरच्या दवाखान्याचे पैसे मिळतील का? जहाज चुकले तर काय मिळेल? जहाज थांबणार ते सर्व देश यात आहेत का? आणि बाबांचा रक्तदाब यात लिहिला आहे का? या चारही प्रश्नांना विमापत्रातील ओळीवर बोट ठेवून ‘होय’ असे उत्तर मिळाले, तर त्या विमापत्राचे नाव काहीही असो, ते घ्यावे आणि निश्चिंत मनाने जहाजाची शिडी चढावी.